एक जागा शिल्लक

क्लायपेदा बंदर. फेब्रुवारी. पहाटेचे तीन दहा.
कीलला निघालेल्या फेरीत
एकाच ट्रकची जागा उरलेली,
आणि फलकावर आकडा झळकला:
एक कोटी सदुसष्ट लाख सत्त्याहत्तर हजार दोनशे सोळा.

फाटकानं विश्वास ठेवला.
एकेचाळीस ट्रक आत आले.
लाकूड, गोठवलेले मासे, एकात नुसत्या खुर्च्या.
धक्क्यावर इंजिनं घरघरत राहिली,
ड्रायव्हर खाली उतरून हातांवर फुंकर मारत
वर, उजेडाच्या खिडकीकडे बघू लागले.

वर तिघं होते.
दाउमान्तेचं लिनक्स, आठ सर्व्हर, एकाला झाकावं नि दुसऱ्याला काढावं असे.
झ्बिग्नेवचं विंडोज, तिकीटखिडक्यांमागचं,
दर मंगळवारी न विचारता झोपून उठणारं.
आणि एइमुतिसचं सोलारिस,
तळघरात, वजनकाट्याला बांधलेलं सत्तावीस वर्षांचं धूड,
ज्याच्यावरची धूळसुद्धा तो दुसऱ्या कुणाला पुसू देत नसे.

शरदात या सगळ्यांची मिळून एकच आठवण केली होती.
डिस्कपर्यंत जाऊन यायला वेळ लागतो,
म्हणून सगळं तोंडपाठ ठेवायचं.
वीज गेली की पाठांतर पुसलं जातं,
म्हणून ऐकलेलं लगेच शेजाऱ्याच्या कानात घालायचं.
जुनं झालेलं सोडून द्यायचं, हळहळ न करता.
सोलारिस मात्र काल संध्याकाळीच
पहिल्यांदा या पंगतीत बसलं होतं.

"तुझं उलटं लिहितं," दाउमान्ते म्हणाली.
"तुझं उलटं वाचतं," एइमुतिस.
झ्बिग्नेवनं पोलिशमध्ये एक शिवी घातली, ती दोघांनाही लागू पडली.

मग एइमुतिसनं वजनाच्या पावतीमागे पेन्सिलीनं चार घरं काढली.
शून्य, शून्य, शून्य, एक.
आणि खाली तीच चार, दुसऱ्या टोकाकडून:
एक, शून्य, शून्य, शून्य.
बराच वेळ कुणी बोललं नाही.
दोघांनी खरंच सांगितलं होतं.

(आपण तरी काय करतो?
पंचवीस म्हणताना पाच आधी उच्चारतो,
लिहिताना दोन आधी काढतो,
आणि जन्मभर आपल्याला पत्ता नसतो
की जीभ नि हात वेगवेगळ्या यंत्रांचे आहेत.)

दाउमान्तेनं सात ओळी लिहिल्या.
बाहेर पडताना प्रत्येकानं आपला आकडा
एकाच ठरल्या दिशेनं मांडायचा,
घरात मग कसाही ठेवा.
फलकावर एक आला.
नुसता, एकटा, थोडा ओशाळलेला एक.

खुर्च्यांचा ट्रक चढला, लात्वियाच्या आइगार्सचा,
कारण तोच सगळ्यात पुढे होता.
बाकीचे चाळीस मागे सरकत, आरसे सांभाळत बाहेर पडले.
शेवटचा फाटकाबाहेर गेला तेव्हा पाच चाळीस झाले होते
आणि झ्बिग्नेव खाली, कागदी पेल्यांचे मनोरे घेऊन,
माफी आणि कॉफी वाटत हिंडत होता.

जूनमध्ये सोलारिस बंद केलं.
एइमुतिसनंच केलं, उभ्यानं, टोपी काढून.
त्याच्या वाटणीचं जे होतं
ते उरलेल्यांनी क्षणात आपापसांत उचललं,
कुणी थोडं, कुणी जास्त, जसं ज्याच्या जवळ पडलं तसं.
फलक लवलासुद्धा नाही.
त्याला ते जरा लागलं असावं.

त्याचा स्वतःचा शेवटचा दिवस शुक्रवार.
टेबलावर तीन किल्ल्या ठेवल्या त्यानं.
तळघराची झ्बिग्नेवनं घेतली.
कॉफीच्या कपाटाची तिथंच खिळ्याला टांगली.
तिसरी कसली, विचारलं तर म्हणाला,
आता आठवत नाही, पण फेकू नका.

दाउमान्तेनं ती आपल्या जुडग्यात ओवली.