शेवटच्या घराचा पत्ता

बोरुजर्दमध्ये एकतीस वर्षं मी टपाल वाटलं.
ही गल्ली आधी डाळिंबांची होती,
मग निळी पाटी आली, पांढरी अक्षरं:
शहीद सियामक कोहनदेल.
पाटी ठोकणारा शिडीवरून म्हणाला,
सरळ आहे का बघा.
खाली उभी गुलअंदाम म्हणाली,
तो सरळच होता. तू खिळा नीट मार.

तेव्हापासून तिचा मुलगा पत्ता झाला.
टॅक्सीवाल्याला ती त्याचं नाव सांगते,
गॅसच्या बिलावर त्याचं नाव,
हरवलेल्या मांजराच्या चिठ्ठीवरसुद्धा.
कलिंगडवाला फोनवर ओरडतो,
सियामकच्या तोंडाशी थांबलोय, लवकर या!
आणि कुणालाच काही वाटत नाही.
वापरून वापरून नाव गुळगुळीत झालंय
उंबऱ्यासारखं.

गुरुवारी दुपारी ती कबरस्तानात असते.
काचेच्या पेटीत फोटो, कंगवा,
पावणेपाचला थांबलेलं घड्याळ.
गुलाबपाण्यानं दगड धुते,
चादरीच्या टोकानं काच पुसते,
मग खजुरांचं ताट फिरवते
येणाऱ्याजाणाऱ्यांत.
खजूर घ्यावा, फातिहा म्हणावा, पुढे जावं.
एकदा मीही घेतला.
बी कितीतरी वेळ तोंडात राहिली.
तिथं थुंकणार कुठे?

घरात दुसरा आहे. इरज.
तो परत आला,
म्हणून त्याच्या नावाची गल्ली नाही.
मजनूनच्या दलदलीवर पिवळट धूर उतरला
आणि लसणीचा वास आला,
एवढंच तो सांगतो.
चोवीस वर्षं त्या घरात लसूण शिजलेली नाही.
शेजारी लोणचं घालतात तेव्हा
गुलअंदाम काही बोलत नाही,
फक्त खिडकी लावून घेते.

बरसीला सरकारी माणसं येतात.
मिठाईचा खोका, चौकटीतलं मानपत्र, कॅमेरा.
तिला मधोमध बसवतात.
इरजला म्हणतात, भाऊ, जरा बाजूला,
ऑक्सिजनची नळी फोटोत येतेय.
मी त्यांची थट्टा करत नाही.
त्यांतला एकजण दारात बूट काढत होता
एकाच हातानं.
दुसरी बाही कोटाच्या खिशात खोचलेली होती.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या हिवाळ्यात
वैद्यकीय मंडळाचं पत्र आलं, इरजच्या नावे.
लिफाफा पातळ होता.
पातळ लिफाफे मला हाताला कळतात.
आधी ते त्याला चाळीस टक्के म्हणत होते,
तीन वेळा तपासलं, तीन वेळा रांगेत उभा केला.
गुलअंदाम मला एकदा म्हणाली होती,
मोठ्यानं एकरकमी दिलं, बाबा.
हा हप्त्यांनी देतोय,
आणि हप्त्यांची पावती कोणी देत नाही.

रात्रभर बर्फ पडला होता.
गल्लीच्या तोंडाशी पोचलो तर पाटी कोरी.
खाली स्टुलावर इरज,
बाहीनं बर्फ पुसत होता
उजवीकडून, एकेक अक्षर.
‘शहीद’ मोकळा झाला
आणि खोकला सुरू झाला.
त्यानं कपाळ पाटीला टेकलं,
थांबला.
मग ‘सियामक’.
मग पुन्हा थांबला.
आई स्टूल धरून उभी,
दोन्ही हातांनी, गुडघा लावून,
जसं नांगराला खेटून उभं राहावं.

आडनाव त्यानं अर्धंच पुसलं.
खाली उतरला, भिंतीला धरून घराकडे गेला.

मी पत्र पुढे केलं.
ती म्हणाली, माझे डोळे गेलेत, तूच वाच.
मी लिफाफ्याची कड फाडली.
आत छापील चार ओळी, शिक्का,
आणि पेनानं भरलेला आकडा: पंचवीस.
तोंड उघडलं, तेवढ्यात
तिनं माझ्या मनगटावर हात ठेवला.
बर्फाहून गार हात.

इथं नको, म्हणाली.
पाटीखाली नको वाचूस.
त्याला ऐकू जाईल.

मी विचारलं नाही, कोणाला.