नमुन्याचा डेटा

रुवीत, दिशदाशा शिवणाऱ्या शिंप्याच्या दुकानावर
आमचं ऑफिस. गोड्या पाण्याचे टँकर
लोकांना फोन न करता वेबवरून मागवता यावेत,
एवढंच काम. माझा पहिला दिवस.
लॅपटॉपच्या खोक्यातला थर्माकोल अजून पायाशी.
"संध्याकाळपर्यंत उभं कर," म्हणाले सालेमसाहेब,
जसा काही मांडव घालायचाय,
आणि जिना उतरून मशिदीकडे गेले.

माझ्याआधी इथे इद्रिस परकार होता.
व्हिसा संपला की जीव कंटाळला, कुणी नीट सांगत नाही.
त्याने मागे ठेवलेल्या सूचना सात.
पहिलीत लिहिलंय: सोपं आहे.

सोपं नाही, इद्रिस.
तू नोड चौदा म्हणतोस, इथे वीस आलंय.
वीस काढून चौदा घातलं, तर तिसरंच काही रुसलं,
लग्नघरातल्या आत्यासारखं: मला कुणी विचारलंच नाही.
डेटाबेस म्हणतो, पासवर्ड चूक.
पासवर्ड ज्या फाइलीत, ती फाइल
तू कुठेच चढवली नाहीस. बरोबरच केलंस.
पण मग मी विचारू कुणाला?

हिशेबाचा शमनाद ड्रॉवर उपसतो.
स्टेपलर, जुनी सिमकार्डं, लवंगांची पुडी,
आणि टँकरच्या एका पावतीमागे
बॉलपेनने लिहिलेली सोळा अक्षरं.
शेवटचं शून्य की ओ?
दोन्ही करून पाहिलं. ओ होता.

मग पोर्ट. तीन हजार नंबरावर
आधीच कुणीतरी नांगर टाकून बसलेलं.
खिडकीतून मत्राचं बंदर दिसत नाही,
मध्ये डोंगर, भाजलेल्या खापरासारखा,
गवताचं पातं नाही.
ती अनोळखी प्रोसेस मी मारून टाकली.
माफ कर, जी कोण असशील.

दुपारचे तीन. एसी गळतोय, खाली बादली.
ते पाणी शमनाद
गच्चीतल्या कढीपत्त्याला नेऊन घालतो.

आणि सेटिंगच्या फाइलीत, ओळ एकशे बारा,
इंग्रजीच्या रांगेत एकदम देवनागरी:
"याला हात लावू नये. का चालतं ते मला कळलेलं नाही."
मी मोठ्याने हसले. शमनादने मान वर केली.
त्याला काय सांगू? या देशात येऊन अकरा दिवस झाले,
आणि माझ्याशी मराठीत बोललेला पहिला माणूस
इथे नाहीच.

हात नाही लावला.

सातवी सूचना: नमुन्याचा डेटा भरा.
भरला. पान उघडलं.
निळी पट्टी, वाकडा लोगो,
आणि मस्कतच्या नकाशावर नऊ बनावट गिऱ्हाइकं
पाणी मागत उभी.
अल खुवैरच्या चौकात केळशी.
बौशरच्या टेकडीवर आडे.
वादी कबीरला आंजर्लं, पाजपंढरी शेजारीशेजारी.
हर्णै: दोन टँकर, तातडीने.
शेरा: पाखाडी अरुंद आहे, पाइप लांब आणा.

धो धो पाऊस घेणारी ही गावं,
आणि मे महिन्यात विहिरीच्या तळाला वाटी लावणारी.
गंमत म्हणून लिहिलं असेल त्याने.
किंवा रात्री उशीर झाला असेल,
नावं सुचत नसतील, हीच सुचली असतील.

मी फाइल उघडून दहावं गिऱ्हाईक लिहिलं:
माडग्याळ, तालुका जत.
टँकर एक. दर चौथ्या दिवशी, पहाटे.
शेरा: हॉर्न दोनदा द्या.
पहिला हंडा आमचा.

"उभं राहिलं?" सालेमसाहेब दारातून.
राहिलं, म्हटलं.

निघताना सूचनांत आठवी घातली:
शेवटचं अक्षर ओ आहे, शून्य नव्हे.
पहिलीतलं 'सोपं आहे'
तसंच राहू दिलं.