येथे खाकरणे

वहीच्या पुठ्ठ्यावर बोरूनं लिहिलंय:
‘संगीत बोकडहरण. फार्स. अंक दीड.’
उरलेला अर्धा कुठे गेला, कंपनीत कुणी विचारलं नाही.
मूळ नाटक संपायचं रात्री दोनला,
त्यापुढे दीडच अंक जागं राहायचं गाव.

लिहिला धोंडोपंत सेलूकरांनी
जालन्याच्या जिनात गाठी मोजता मोजता;
दर चौथ्या पानावर मागून उमटलेत सरकीचे आकडे.
रथाऐवजी खटारा, राजकन्येऐवजी बोकड,
आणि शंख म्हणून फुंकायचं रॉकेलचं नरसाळं.

पहिला खेळ जिनाच्याच वखारीत.
समासात नोंद: ‘बोकडाने साहेबाची टोपी खाल्ली. हशा.
टोपी उसनी होती. सव्वा रुपया, हाली.’
पुढचा मानवतला, बाजाराच्या दिवशी.
मग मोमिनाबादची छावणी. तिथला कप्तान
एक अक्षर न कळता पोट धरून हसला
पीठ फासलेल्या साहेबाला,
हरबा गुरवाच्या हातावर कलदार ठेवला
आणि दुभाष्याला विचारलं,
हा मूर्ख कुठल्या देशचा?

परभणी. प्लेग. ‘प्रेक्षक अकरा. खेळ केला.’

मग ते सातवं पान.
शिपाई: ह्या बोकडाचे धनी किती रे?
गुराखी: तीन, सरकार.
एक चारतो, एक दावं धरतो, एक खातो.

नांदेडच्या अमीनसाहेबांनी अख्खा फार्स उर्दूत मागवला.
तर्जुमा झाला. तर्जुम्यात कुणालाच हसू आलं नाही,
म्हणून इजाजत मिळाली.
फक्त ‘धनी’वर लाल शाईची काट,
आणि तिच्या डोक्यावर पेन्सिलीनं, घाईत: ‘पाहुणे’.

त्या रात्री शिपाई झालेला किसन डांगे
‘ह्या बोकडाचे’ म्हणाला, थांबला,
घसा खाकरला,
पहिल्या रांगेतल्या खुर्चीकडे बघितलं
आणि अगदी अदबीनं म्हणाला, ‘पाहुणे’.
मांडव पडायचाच राहिला.
तेव्हापासून समासात कायमचं:
‘येथे खाकरणे. येथे हशा.’

पुढे बेचाळीस खेळ. गावाच्या नावापुढे एक टिंब,
हशा लांबला तर दोन.
औशाला चार आहेत. कामून, ते लिहिलेलं नाही.
अमीनसाहेबही हसले म्हणतात, रुमालात.

मला हे सगळं ठाऊक, कारण
मी बोकड होतो.
पोलीस ॲक्शनला तीन वर्षं झालेली,
शाळेचं गॅदरिंग, गोणपाटात मी, चार पायांवर.
पानसंबळ गुरुजींनी मूळ शब्द परत बसवला.
आता कुणाचं भ्या, म्हणाले.

‘ह्या बोकडाचे धनी किती रे?’
खणखणीत.
गोणपाटातून मला ऐकू आली
पेट्रोमॅक्सची सूं सूं. बाकी काही नाही.
तहसीलदारांनी टाळी वाजवली, एकट्यानं.

तेवढ्यात पार मागून
बत्त्यांना पंप मारणारे दस्तगीरचाचा,
जे एके काळी कंपनीच्या मशाली धरायचे,
खाकरले.
नुसते खाकरले.
आणि म्हाताऱ्यांची आख्खी एक रांग
धोतराचे सोगे तोंडात कोंबून हलू लागली.
काही न कळता मलाही फुटलं,
माझं एक शिंग निसटून गुरुजींच्या पायाशी गेलं.

वहीत तो खेळ नाही.
काल मीच लिहिला, पेन्सिलीनं:
जालना. एक टिंब.
जरा थांबून, दुसरं.