खरवड

देजॉनच्या या हॉलमध्ये युरेनियमचा कणही नाही.
विजेच्या कांड्या अणुभट्टीच्या गाभ्याचं सोंग घेऊन उभ्या.
रात्री दीडला गुम-रानबाई म्हणतात, "अजून पाच किलोवॉट."
काचेआड बुडबुडे सुटतात,
आधी तुरळक, मग एकमेकांना ढकलत.

इथवर ठीक.
भीती त्याच्या पुढची :
बुडबुडे मिसळून वाफेची सलग चादर होते,
पाणी कांडीला टेकतच नाही,
केसभर अंतरावरून नुसतं बघतं.

एकेचाळिसावा तापमापक
तीनशेवरून सातशेवर.
वीज आपोआप तुटते.

बाईंच्या आईची खानावळ होती, दगडी भांड्यांतल्या भाताची.
तळाला लागलेली खरवड ती मुद्दाम राखायची,
वर पाणी ओतलं की चर्र व्हायचं,
आणि शेवटचं गिऱ्हाईक ती पेज पिऊनच उठायचं.
"कुठे थांबायचं ते तिला वासावरून कळायचं.
मला तेहतीस वर्षांत एक आलेख जमलाय.
तोही ठरावीक दाबापर्यंतच खरा."

पहाटे दुसरी चाचणी. खालून पाणी सोडतो.
बंद चुलीचीही धग लवकर सरत नाही,
म्हणून थोडी वीज आम्ही चालूच ठेवलीय.
पाणी तापल्या धातूवर थुईथुई नाचतं, मागे हटतं,
पुन्हा बोटभर वर चढतं.

चार वाजून सात मिनिटं.
चाळीस भिजला.
एकेचाळीस अजून कोरडा.
बाईंनी डबा उघडलाय,
चॉपस्टिकमधला घास
तसाच हवेत.