खाली उजव्या कोपऱ्यात

उदगीरला, देगलूर रोडवर, झेरॉक्सच्या वर
अफरोजचं ऑफिस. तो क्लासेसच्या वेबसाइटी करतो,
बियाण्यांच्या दुकानांच्या, एका मंगल कार्यालयाची.
"चित्रांची पहिलीच," म्हणाला,
आणि खुर्ची पुसून दिली.

पहिलं अडलं ते नावावर.
ज्ञानदा मोरतळे.
ज्ञ इंग्रजीत कसा लिहायचा?
दहावीच्या सनदेवर डी-एन-वाय,
आधारवर जी-वाय, बँकेत नुसताच जी.
तीन बाया आहेत या नावाच्या, तिन्ही मीच,
आणि शोधायला गेलं तर
एकही सापडत नाही.

मी भिंती काढते.
नुसत्या भिंती, पोपडे धरलेल्या,
एकावर एक चुना चढलेल्या.
माझ्या कागदावर पाच पांढरे असतात.
मोबाइलमध्ये पाचांचा एकच होतो.
अफरोज उजेड वाढवतो,
आणि भिंत अशी दिसायला लागते
की आत्ताच कुणी डिस्टेंपर मारून गेलंय.
"आता कशी झकास!"
मी चहा पिते.

'माझ्याविषयी'चं पान तसंच आहे.
"मी नका लिहू मॅडम, त्या लिहा. वजन येतं."
त्या उदगीरला राहतात.
एवढं लिहिलं आणि थांबले.
त्या म्हटलं की मला
आमच्या मोठ्या बाईच दिसतात, हातात हजेरी घेऊन.
दोन आठवडे त्या
उदगीरला नुसत्याच राहतायत.

किंमतीचा चौकोन रिकामा ठेवला
तर लाल अक्षरं येतात. पुढं जाऊच देत नाही.
काय लिहिणार, शून्य लिहिलं.
आजवर एकच पत्र आलं, नागपूरहून:
फुकट आहे का? पोस्टाचा खर्च कुणाकडं?

"रोज काहीतरी टाकत जा,
दिसत राहिलं तर लोक बघतेत."
अरे बाबा, भिंतीला मला चाळीस दिवस लागतात.
रोज काय टाकू?
ब्रश धुतलेलं पाणी?

बापूंना सगळे शेषेराव पेंटर म्हणायचे.
अर्ध्या गावाची नावं त्यांच्या हातची.
किराणा, कटपीस, आटा चक्की,
डॉक्टरांच्या पदव्या तोंडपाठ,
आणि इलेक्शनला तर एकाच भिंतीवर
समोरासमोर उभे असलेले दोघं.
निळीत बुडवलेला दोरा ताणायचे,
टिचकी मारायचे. रेघ उमटायची,
एक टोक माझ्या हातात असायचं.
कुणाचंही नाव त्यांच्या हाताखालून गेलं
की दोन गल्ल्या लांबून वाचता यायचं.
स्वतःचं मात्र खाली, उजव्या कोपऱ्यात,
अंगठ्याएवढं. शेषेराव, उदगीर.
पुढं घरात फोन आला, तरी नंबर नाही.
मी विचारलं होतं एकदा,
एवढं बारीक का?
ब्रश दातात धरून म्हणाले,
"आपलंच मोठं केल्यावर
गिऱ्हाइकाचं कोण वाचंल गं?"

मग फ्लेक्स आला.
त्यावर छापणाऱ्याचं नाव ठळक, दोन नंबरांसकट.
बापू बघायचे, काही बोलायचे नाहीत.
निळीची पुडी आई
पांढऱ्या कपड्यांना वापरायला लागली.

काल मोजलं. साइटवर आजवर एकोणीस जण.
त्यात अकरा वेळा मी,
चार वेळा अफरोज,
एकदा पूर्ण्याची मावसबहीण, चुकून.
राहिले तिघं.
त्या तिघांचा मी फार विचार करते.

वर्षाचे पैसे भरायची तारीख आली, भरले.
अफरोजनं खुश होऊन माझं नाव
माथ्यावर सोनेरी केलं, हे एवढालं.
"लहान कर," म्हटलं.
केलं.
"अजून."
"मॅडम, किती येळ झालं बघूलालाव,
दिसंना की आता!"
"असू दे. खाली ने. उजव्या कोपऱ्यात."

त्यानं मोबाइल माझ्यापुढं धरला,
बोटानं पान वर ढकललं, पुन्हा ढकललं,
भिंतीमागून भिंत जात राहिली.
"कोपरा कुठून आणू मॅडम?
हे पान तर
खालीच जात राहतं."