सहा किलोच्या आत

अट मीच घातली: लहान हवं.
भैरूला दवाखान्याच्या जिन्यावरून वर नेताना
चौघं लागतो आम्ही. पुढं नेताजी, मागं मी,
मधे चादर धरून दोन पोरं,
आणि तो मुधोळचा म्हातारा
झोळीतून लांब मान काढून
लोकांकडं बघतो,
जणू मिरवणूक त्याचीच.

म्हणून सहा किलोच्या आत.
स्कूटरवर पायांपाशी मावेल असं.
एका हातात ते, दुसऱ्यात भाजीची पिशवी.

"नको म्हणत नाही मी," नेताजी म्हणाला,
"खरं त्याला बघणार कोण?"
उद्यमबागेत त्याची पाळी सातला,
समरजितचा क्लास साडेसातला,
स्वरांगीचं स्केटिंग, मग शाळा, माझी बँक.
नऊ ते पाच घरात एकटा भैरू.
कुलूप लावताना गेटच्या जाळीला नाक,
परत येताना त्याच जागी नाक.
फरशीवर तेवढाच गोल झिजलाय.

सगळ्यांनी हात वर केले.
स्वरांगीनं तक्ता करून फ्रीजवर लावला,
चार रंगांची चार नावं.
दुपारच्या खान्यात कुणीच बसेना.
तिथं तिनं लिहिलं: भैरू.

कुणी पग सुचवला. तो घोरतो म्हणे;
घोरणारा एक आहे आमच्यात.
हुबळीहून कापसाच्या बोळ्याचा फोटो आला,
किंमत वाचून नेताजीनं फोन उलटा ठेवला.
शेवटी बँकेतल्या शिवलीलाची मावशी,
बैलहोंगलची नीलव्वा. चार पिल्लं, फुकट.
ती धारवाडला लेकीकडं निघालेली, कायमची.

भैरूला ओम्नीत घातलं. त्याचंही मत हवं.
गोणपाटावरची पिल्लं त्याच्या शेपटीला लोंबली,
एकानं कान चावला.
इंजेक्शनच्या वेळी बघतो
तसं त्यानं माझ्याकडं बघितलं.
मग एकेक पाय गोळा करत उठला
आणि चुलीमागं गेला.

तिथं त्यांची आई होती.
वाटीएवढं तोंड, एक कान मोडलेला,
चौघांनी पिऊन पिऊन पोट लोंबतं झालेलं.
वीतभर अंतर ठेवून हा बसला.
तिनं डोळे उघडले. मिटले.
एवढंच झालं.

"अदन्न तगोंड होग्री," नीलव्वा म्हणाली,
पिल्लं कुणीही नेतंय, आईला कोण विचारतंय.
वर कडक भाकरीची चळत बांधून दिली.
स्वरांगी अथणी येईल इतका वेळ रडली,
तिला ते डाव्या डोळ्यावर ठिपक्याचं हवं होतं.

नाव सण्णी. आधीपासूनचं. आम्ही बदललं नाही.
खरं ती ऐकेचना. ये म्हटलं, बस म्हटलं, चल म्हटलं,
ठार बहिरी म्हणून डॉक्टरची वेळसुद्धा घेतली.
तिसऱ्या दिवशी समरजित,
कन्नडात काठावर पास होणारा,
बूट घालता घालता सहज बोलला: "बा."
खाटेखालून सुटली ती बाणासारखी.

नेताजीच्या वडिलांनी हयातभर
बसची पाटी शेजारच्याला विचारून वाचली,
आणि आता हा गेटात उभा राहून,
कॉलर वर करून, गल्लीला ऐकू जाईल असं:
बा सण्णी, कूडु सण्णी, साकु.
अकरा वर्षं 'ये' न ऐकलेला भैरूसुद्धा
'बा' म्हटलं की उठतो. बहुतेक भाकरीसाठी.

रद्दीवाल्याच्या काट्यावर सहा किलो चारशे.
"हालायलंय ओ," तो म्हणाला, "नीट धरा."
नीटच धरलं होतं. परत तेवढंच.

काल पाचला आले तर जाळीला नाक नव्हतं.
पोटात गोळा आला. किल्ली दोनदा चुकली.
आत, सिलिंडरच्या मागं,
तो भिंतीला टेकून, ती त्याच्या पुढच्या पायांत,
दोघांची झोप लागलेली.
मला भेटायला कुणी उठलं नाही.

चपला हातात घेऊन
मी फ्रीजपर्यंत गेले,
दूध काढलं, आवाज न करता.