मठार

मुंबई नाक्यापाशी दुसरा मजला, लिफ्ट बंद.
चौदा पायऱ्या, वळण, पुन्हा अकरा.
आता मी मोजते. तुझी मोजणी थांबली
द्वारकेच्या पुलाखाली, मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी.
हेल्मेट हँडलला लटकलेलं होतं.
आजही त्याच्यावर एक ओरखडा नाही.

बागूल मॅडम तुझ्या कमरेला पट्टा बांधतात,
मागून धरतात. "टाच आधी, मग चवडा.
श्रीरंगदादा, टाच."
डावा पाय ऐकतो.
उजवा, नव्या सोयऱ्यासारखा,
उंबऱ्यापाशीच घुटमळतो.

तुला पाणी हवं असतं, तू म्हणतोस किल्ली.
मी पाणी देते.
काल खरंच किल्ली हवी होती,
तेव्हाही मी पाणीच दिलं.
तू प्यायलास.

मॅडमनी मोबाइलवर टिकटिक लावली.
तालावर पाऊल पडतं म्हणे,
डोक्यातला मोडका रस्ता टाळून, दुसऱ्या गल्लीने.
भातात खडा लागावा तसं
तू तोंड केलंस.

मग मी घरून घंगाळ आणलं,
तुझं अर्धं राहिलेलं. बुडाला मठार दिलेला,
काठाकडे तांबं अजून मऊ, लाल.
रिक्षावाला म्हणाला, मोडीत का, वहिनी?

सोळा वर्षं तांबट लेनमध्ये काढली,
हातोडी कधी धरली नव्हती.
आम्ही चिंच लावायची, घासायचं,
गिऱ्हाइकाला चहा.
पहिला ठोका कुणाचं दार वाजवावं तसा, भीत भीत.
दुसरा बरा.
तिसऱ्याला तुझी टाच टेकली.

ठण्. टाच.
ठण्. चवडा.
पलीकडच्या खाटेवर गायधनी आजोबा
खांदा फिरवायचं विसरून बघत राहिले,
दांड्याच्या टोकापर्यंत
तू एकदाही खाली पाहिलं नाहीस.

परतताना माझं मनगट भरून आलं,
ठोका मागे पडला.
तू एका पायावर थांबलास,
दांडा घट्ट धरून. कपाळावर ती आठी,
दुकानातल्या पोरांचा हात वाकडा पडला की यायची ती.

"चुकलीस."

किल्ली नाही. चमचा नाही.
चुकलीस.

मॅडम वहीत घाईघाईने काही लिहू लागल्या.
मी खाली पाहिलं: काठाला पोचा पडलाय,
माझ्या हातचा, चांगला बोटभर.
तो काढायला तूच लागशील.
तू वाट बघत होतास, पाय अधांतरी.

पुढचा ठोका मी
मुद्दाम चुकवला.